एका शयनगृहाचं घर विकणे आहे

४ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढताना उजवा कटकट वाजतो असं दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतंस, पुढं त्याचं काय झालं ते तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारायचं विसरले. वहिनींची तब्येत कशी आहे? तू दरवेळी ‘ती बरी आहे, नमस्कार सांगते’ एवढ्यावर बोळवण करतोस. यंदाचे उशीचे अभ्रे त्यांना पोचले का? किनारीला निळी पट्टी लावली आहे, आवडली का नाही ते त्यांच्याच तोंडून ऐकून लिही. पिटुकली कशी आहे? चाळिशीला आली तरी माझ्या तोंडी ती पिटुकलीच. तिच्या थोरल्याचे दात सरळ झाले का, धाकटीचा कान फुटायचा थांबला का? इकडे माझा एक डोळा अधू झाला आहे, सुईत दोरा सूनबाई ओवून देते, आणि ओवताना दर वेळी म्हणते, ‘‘अहो, आता पुरे करा की शिवणकाम.’’ मी म्हणते, दोरा ओव, उपदेश नको. बाकी ठीक.

आपला शिरस्ता वर्षाला एका पत्राचा. अजून सात महिने बाकी असताना पाकीट आलं म्हणून घाबरू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. घाबरले आहे ती मी.

काल चष्मा बदलायला सूनबाईबरोबर रंगाऱ्यांच्या गल्लीकडं जाणं झालं. सव्वीस वर्षांत मी त्या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं, तुला ठाऊकच आहे. कोपऱ्यावर कोळशाची वखार होती ना, जिथं तू पोत्यावरून घसरून हनुवटी फोडून घेतली होतीस, तिथं आता घरं विकणाऱ्यांचं दुकान आहे. मोठी थोरली काच, काचेच्या आत दिवे, आणि दिव्यांपुढं घरांचे फोटो टांगलेले. मी सहज पाहिलं आणि बाई गं, पाय जागच्या जागी थिजले. तिसरा मजला, रस्त्याकडची कमानदार खिडकी, आणि खिडकीच्या डाव्या अंगाला बाबांनी खिळा ठोकताना उडालेला दगडाचा टवका. आपलं घर रे! विकायला!

सूनबाईला म्हटलं, वाच, माझा चष्मा चष्मेवाल्याकडं आहे. तिनं मोठ्यानं वाचलं. ‘ऐतिहासिक वस्तीत, मागणी असलेल्या भागात, एका शयनगृहाचं देखणं घर. मूळ लाकडी जमीन. उंच छत. वाचनासाठी स्वतंत्र कोपरा. एकट्या व्यक्तीस किंवा जोडप्यास योग्य. घराला स्वतःचं व्यक्तिमत्त्व आहे.’

व्यक्तिमत्त्व! आपण राहत होतो तेव्हा त्या घराला ओल होती. आणि एका जोडप्यास योग्य? आई, बाबा, आत्या आणि आपण चार भावंडं मिळून सात माणसं त्या एका खोलीत कुशी बदलायची तर एकमेकांना सांगून बदलत होतो. वाचनाचा कोपरा म्हणजे काय असेल ते मला रस्त्यातच उमगलं. कोळशाचा कोनाडा! तू रुसून जाऊन बसायचास तो. त्यात बसून कुणी काही वाचलं असेल तर ते फक्त तुझ्या ढुंगणावरचे काळे डाग.

खाली आकडा होता. मी त्यातली शून्यं बोटांनी मोजली, पुन्हा मोजली. सूनबाई म्हणाली, ‘‘अहो, लोक बघतायत.’’ बघेनात का. ज्या घरातून बाहेर पडताना लोक पत्ता सांगायला लाजायचे, त्या घराचा पत्ता आता शोकेसमध्ये!

तुला हे कळवल्याशिवाय घास उतरेना म्हणून लिहिते आहे. आपण चौघांपैकी दोघंच उरलो. त्या घराबद्दल बोलावं असं दुसरं माणूस मला जगात नाही. आपलं भांडणही त्याच घरापायी झालं, पण ते आता जाऊ दे. मालकानं काढलं तेव्हा माझा इलाज नव्हता, हे मी तुला तेव्हाच लिहिलं होतं.

सूनबाई म्हणते, गिऱ्हाईक म्हणून आत जाऊन पाहून येऊ, कोण विचारतंय. मी नको म्हटलं. पण माझं ‘नको’ किती टिकतं ते तू जाणतोसच.

तुझी
अक्का


१२ मार्च

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. सगळ्यांची ख्यालीखुशाली आठ दिवसांपूर्वीच विचारली आहे, ती तिकडे पोचायचीय, तरी हे दुसरं लिहायला बसले. दोनदा कागद फाडला.

गेले मी. शनिवारी सकाळी अकराला, सूनबाईला घेऊन. घर दाखवणारी बाई होती पंचेचाळिशीची, हातात किल्ल्यांचा एवढा जुडगा की मी तिचं नाव किल्लीवालीच ठेवलं. टाचांचे बूट घालून ती एकसष्ट पायऱ्या अशी चढली की जणू सपाटीवर चाललीय. मी मध्ये दोनदा टेकले. ती वरून म्हणते, ‘‘आजी, घर कुणासाठी बघताय?’’

मी म्हटलं, ‘‘माझ्यासाठी.’’

‘‘जिना झेपेल का तुम्हाला?’’

‘‘बाळंतपणं सोडून बाकी सगळं या जिन्यावरून केलंय,’’ असं तोंडातून निसटलं. सूनबाईनं कोपर मारलं. किल्लीवालीला वाटलं, म्हातारी थट्टेखोर आहे.

दार उघडलं. धाकट्या, आपल्या दाराला आता रंग आहे, गर्द हिरवा, आणि पितळी कडी. आत गेले, तर सगळं बदललेलं आहे आणि काहीच बदललेलं नाही. जमिनीच्या फळ्या घासून पॉलिश केल्यात, त्या किल्लीवाली ‘मूळ, मूळ’ म्हणून बोटानं दाखवत होती. आईचं शिवणाचं मशीन होतं तिथं आता एक आरामखुर्ची आहे. एक पलंग. एक उशी. टेबलावर औषधांची डबी, वारांचे कप्पे असलेली. कोनाड्यात खरंच पुस्तकं.

किल्लीवाली म्हणाली, ‘‘मालक वयस्कर आहेत, एकटेच. बायको गेल्यावर आठ वर्षांपूर्वी घेतलं त्यांनी हे. आता जिना होत नाही म्हणून विकतायत. गिऱ्हाईक यायच्या वेळी ते बाहेर जाऊन बसतात. लोकांनी आपल्या घरात डोकावलेलं त्यांना बघवत नाही म्हणे.’’

मी खिडकीकडं बघत होते.

खिडकीला पडदे होते. फिके जांभळे, काठाला तिहेरी दुमड. दुमड तर कुणीही घालतं. पण आईची एक रीत होती, तिच्यापासून मला आली आणि माझ्यापाशीच थांबली, सूनबाईला त्यात गोडी नाही. जोडीतल्या डाव्या पडद्याच्या आतल्या कोपऱ्यात बोटभर लाल टाके घालायचे. म्हणजे धुवून आल्यावर डावा कुठला, उजवा कुठला, हे टांगणाऱ्याला कळावं, कारण कापडाची लव एका अंगाला झुकते आणि उलट टांगले की एक पडदा उजळ दिसतो, दुसरा मळका. मी जवळ जाऊन कोपरा उलटला. लाल टाके. माझे. आणि ते उजव्या बाजूला होते.

म्हणजे पडदे उलटे टांगलेले. आई शंभरदा सांगायची आणि तू शंभरदा उलटे टांगायचास. ‘लाल म्हणजे डावा रे माझ्या राजा,’ ती म्हणायची, आणि तू म्हणायचास, ‘कुणाचा डावा, माझा का रस्त्याचा?’

हे पडदे मी वीस वर्षांपूर्वी तुझ्या तिकडच्या घरासाठी पार्सलनं पाठवले होते. माप तूच कळवलं होतंस. इथं ते वीतभर तोकडे पडतात.

तर मला एवढंच कळव की तू ते कुणाला दिलेस का? विकलेस का? तिकडून कुणी इकडं राहायला आलं, त्याच्यापाशी दिलेस का? असं होतं कधीकधी. वस्तू फिरतात. मी रागावणार नाही. खिडकी बदलली असेल, वहिनींना रंग आवडला नसेल. काय झालं ते फक्त लिही.

घरी आल्यापासून सूनबाई माझ्या तोंडाकडं बघते आहे. चहा दोनदा गरम करून दिला तिनं, दोन्हीदा निवला.

अक्का


१५ एप्रिल

धाकट्या,

आज ख्यालीखुशाली विचारत नाही. कुणाची विचारू?

काल तुझं उत्तर आलं. परदेशी तिकीट, परदेशी शिक्का, तुझं तेच तिरकं अक्षर. ‘अक्का, पत्र पोचलं. इकडं थंडी अजून हटत नाही. गुडघे ठीक. ही बरी आहे, अभ्रे आवडले, नमस्कार सांगते. जुन्या घराचं मनाला लावून घेऊ नकोस. तिथं आता कोण राहतं, कुणी सांगावं? इतक्या दूर बसून मला काय कळणार?’

हे वाचताना मी स्वयंपाकघरात उभी होते. हातातलं फडकं खाली पडलं आणि ते उचलायला वाकले तर उठताच येईना, तिथंच बसले. सूनबाई धावत आली. तिला वाटलं, झालं, म्हातारी गेली. मी कागद पुढं केला. तिनं वाचला आणि पाकीट उलटं केलं. तुझ्या प्रत्येक पाकिटामागं ‘अडीअडचणीला’ म्हणून पिटुकलीचा नंबर लिहिलेला असतो. इतक्या वर्षांत मी तो कधी फिरवला नाही, माझी अडचण कसली एवढी मोठी. सूनबाईनं लावला आणि फोन माझ्या कानाला धरला.

मी म्हटलं, ‘‘पिटुकले, अक्काआत्या बोलतेय. तुझे बाबा कुठं आहेत?’’

‘‘इथंच आहेत की आत्या. झोपलेत.’’

‘‘आणि आई?’’

मग म्हणाली, ‘‘तीपण.’’

‘‘पिटुकले, मी त्या घरात जाऊन आलेय. पलंगावर एक उशी होती.’’

त्यावर तिकडून जो हुंदका फुटला, तो मी अजून ऐकते आहे. ‘‘आत्या, मला शपथ घातली होती गं त्यांनी. आठ वर्षं झाली मी तुझी पत्रं इकडून तिकडं पाठवतेय आणि त्यांची तिकडून इकडं. आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. मी किती वेळा म्हटलं, बाबा, आता सांगा. ते म्हणतात, पुढच्या पत्रात.’’

नऊ वर्षं! मी नऊ वर्षं एका गेलेल्या बाईच्या सर्दीपडशाची चौकशी करत होते, रे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा असतो होय? तू माझ्या दारापासून बावीस मिनिटांच्या चालीवर, आणि आपली पत्रं दोन समुद्र ओलांडून येतायत!

मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नाही. किल्लीवालीनं भिंतीतलं कपाट उघडून दाखवलं होतं, साठवणीला जागा किती ते. वरच्या फळीवर अभ्र्यांचा गठ्ठा होता. घडीसुद्धा न मोडलेला. प्रत्येकाला माझी चिठ्ठी टाचलेली, ‘वहिनींस’. मी मोजले नाहीत. मोजायचा धीर झाला नाही. पडद्यांचं तुला विचारलं आणि गठ्ठ्याचं गिळलं, कारण पडदे कुणालाही देता येतात. मला वाटलं, तू काहीतरी खोटं सांगशील आणि मी ते खरं धरीन. पाच आठवडे मी त्याची वाट पाहिली. रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडापर्यंत जायची आणि परत यायची. सूनबाई म्हणे, ‘‘जिना चढा की एकदा, सोक्षमोक्ष लावा.’’ माझा पाय उचलेना. का उचलेना, ते पिटुकलीनं पुढं जे सांगितलं त्यावरून तुलाही कळेल.

मी तिला विचारलं, ‘‘माझ्यापासून का लपवलं? मी काय खाणार होते त्याला?’’

ती म्हणाली, ‘‘आत्या, ते तुझ्यासाठीच आले होते. आई गेल्यावर म्हणाले, अक्काला सांगत नाही, आधी घर घेतो आणि मग तिला तिथंच चहाला बोलावतो. बघू कशी दचकते. व्यवहार झाला तेव्हा जुन्या मालकाच्या कागदांचा गठ्ठा त्यांच्या हाती आला. त्यात तुझा कागद होता.’’

पुढं तिनं सांगायची गरज नव्हती. त्या कागदाचा शब्द न् शब्द मला पाठ आहे. ‘आम्ही सदर खोली राजीखुशीनं सोडत आहोत, कुणाचा दबाव नाही.’ खाली माझी सही. तारीख आई गेल्यानंतरच्या अकराव्या दिवसाची.

तर घे. सव्वीस वर्षं उशिरा का होईना, घे.

मालकानं काढलं नव्हतं. मालक उलट म्हणाला होता, ‘‘बाई, घाई काय आहे, भाऊ येऊ दे.’’ मीच त्याच्या दारात जाऊन किल्ली ठेवली. आईपाशी चार महिने मी एकटी होते. जिन्यावर पाऊल वाजलं की ती मान उचलायची. मी तुला तीन पत्रं लिहिली, तू लिहिलंस, रजा मिळत नाही. खरंच मिळत नसेल, आज मी तुझ्यावर विश्वास ठेवते. तेव्हा नाही ठेवला. ती गेली आणि पाचव्या दिवशी तुझी तार आली, ‘येतो आहे. घर सोडू नका.’ मला काय झालं ते सांगते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आईसाठी आला नाहीस, घरासाठी येतो म्हणतोस, तर घ्या, मी घरच ठेवत नाही. शिवायला आलेल्या कापडाला रागानं कात्री लावावी तसं केलं मी. आणि आईनं जाताना मला सांगितलं होतं की तो येईपर्यंत खोली सोडू नकोस, त्याला एकदा इथं बसू दे.

हे शेवटचं वाक्य मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. आता तू आणि मी.

नंतर भीती वाटली आणि मालकाच्या माथी मारलं. तू यायचं रद्द केलंस आणि चिडून लिहिलंस, या शहरात पुन्हा पाय ठेवणार नाही. मला वाटलं, बरं झालं, म्हणजे खरं काय ते कधी विचारायला येणार नाहीस. तू खोटं बोललास नऊ वर्षं. मी तुझ्यापेक्षा सतरा वर्षं आधी सुरुवात केली. थोरली आहे ना.

तुझा राग आला आहे, तो येणारच. वहिनी गेल्या आणि मला रडूसुद्धा दिलं नाहीस. तू एकटा त्या आरामखुर्चीत बसून माझी पत्रं वाचत होतास, अभ्रे कपाटात रचत होतास, उत्तरं लिहून समुद्रापार धाडत होतास. हे डोळ्यांपुढं आलं की राग कुठं जातो कळत नाही, नुसतं सुन्न वाटतं. एवढा मोठा माणूस आणि कोनाड्यातून बाहेर येईना.

पिटुकली म्हणाली, घराला गिऱ्हाईक ठरलंय, अठ्ठावीसला किल्ल्या द्यायच्या आणि एकोणतिसाव्या तारखेला तू तिच्याकडं कायमचा जाणार. मागच्या हिवाळ्यात तुझा डावा हात लुळा पडला होता म्हणे. मला नव्हतं कळवलं. म्हणजे तेरा दिवस उरलेत. तू पंच्याहत्तरचा, मी ऐंशीची. पुढच्या वेळी पत्रानं भेटू म्हणायचं वय राहिलेलं नाही दोघांचं.

घर विकलं जातंय याचं दुःख नाही मला, खरंच सांगते. मागच्या महिन्यात त्या दुकानाच्या काचेपुढं आलेलं रडू आठवलं की हसू येतं. विकू दे. कुणीतरी जोडपं येईल, त्यांना ओल दिसणार नाही. मला त्या घरात एकदाच यायचंय, आणि तू आत असताना. आपण समोरासमोर बसू. तुला ओरडायचं असेल तर ओरड. मलाही थोडं ओरडायचं आहे. वहिनींबद्दल तू बोल, शेवटी काय झालं, दुखलं का फार, सगळं. आईबद्दल मी बोलेन. चार महिन्यांतलं तुला काहीच ठाऊक नाही आणि ते सांगायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

पण तू बोलावल्याशिवाय मी वर येणार नाही. तो जिना मी एकदा तुझ्या वतीनं परस्पर बंद केला होता, पुन्हा परस्पर उघडणार नाही.


१६ एप्रिल, सकाळी

रात्रभर हे पत्र उशाशी होतं. फाडेन असं वाटत होतं, फाडलं नाही. सूनबाई आत्ता कामावर जाताना तुझ्या खालच्या पेटीत टाकेल. ती विचारत होती, ‘‘वरच नेऊन देऊ का? चेहरा तरी बघते मामांचा.’’ मी नको म्हटलं, आणि या वेळी माझं ‘नको’ टिकलं आहे.

एका ओळीचं उत्तर पुरे. ‘ये’ लिही किंवा ‘येऊ नकोस’ लिही. ‘येऊ नकोस’ असलं तरी लिही, मी ऐकेन. पण ते पिटुकलीकडून फिरवून आणू नकोस. स्वतः खाली उतर, सावकाश, कठड्याला धरून, आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाक. दुपारच्या टपालात पडलं तर उद्या सकाळी माझ्या हातात येईल. मी दाराशी खुर्ची टाकून बसले आहे. लवकर लिही, धाकट्या.

अक्का